आत्याची मनीऑर्डर

मागच्या रविवारी दुपारी एजंट आला होता. आमच्या खोलीचे अकरा महिने संपत आलेत, अ‍ॅग्रीमेंट नवीन करायचं आहे. खोली म्हणजे बदलापूर पूर्वेला, शिरगावात, वन रूम किचन. आम्ही तिघी राहतो. एक जळगावची, एक सोलापूरची आणि मी कराडकडची. भाडं तिघींत वाटलेलं, गॅस तिघींत, आणि भांडी कोणी घासायची यावरून होणारं भांडणही तिघींत!

एजंट जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, मालकांचं म्हणणं आहे की यावेळी घरच्या कोणाची तरी सही घेऊ. वडील, भाऊ, कोणीही चालेल."

"भाडं मी भरते ना? दोन वर्षांत एकदा तरी उशीर झालाय का?"

"तसं नाही हो मॅडम. तुमची काही तक्रार नाही. पण कसंय, तीन मुली..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. अशी वाक्यं नेहमी तिथेच सोडतात. पुढचं आपण समजून घ्यायचं असतं.

संध्याकाळी आण्णांना फोन केला. सहीला यायला त्यांना गावाहून एक रात्र आणि एक दिवस मोडायला लागणार, म्हणून मीच ओशाळून विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "किती दिवस अशी राहणार तू पोरी? आत्यासारखं व्हायचं तुझं."

हे वाक्य आमच्या घरात माझ्याही आधीपासून आहे. माझ्या चुलत बहिणींनी ते ऐकलंय, मीही कॉलेजपासून ऐकतेय. हे वाचणाऱ्या काका-काकूंनाही ते नवीन नाही. आत्यासारखं म्हणजे काय, ते कोणी फोडून सांगत नाही. मुंबईत नोकरी केली, लग्न झालं नाही, रिटायर होऊन गावी आली, एकटी गेली. एवढीच आत्या आम्हाला माहीत. ती २०११ मध्ये गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मला आठवते ती पांढऱ्या सुती साडीतली, रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी, आणि कोणी उसने पैसे मागितले तर आधी वहीत लिहून मगच देणारी.

फोन ठेवला आणि मला त्या तारेची आठवण झाली.

गेल्या दिवाळीआधी गावच्या घराला रंग काढायचा होता. माळा आवरताना एक जाड तार सापडली. पूर्वी घराघरात बिलं, पावत्या, पत्रं अशा वाकवलेल्या तारेत ओवून ठेवायचे, तशी. आजोबांची होती. तिच्यात पिवळे पडलेले छोटे छोटे कागद खच्चून भरलेले. रंगारी बंबात टाकायला निघाला होता. मी घेऊन आले, शिरगावात कपाटाच्या तळाशी ठेवली आणि विसरून गेले. रविवारी रात्री ती काढून पहिल्यांदा नीट वाचली. ती सगळी मनीऑर्डरची कुपनं होती.

ज्यांनी मनीऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पोस्टाच्या त्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा. पोस्टमन पैसे हातात मोजून द्यायचा आणि तो तुकडा फाडून ठेवायला द्यायचा. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम, पोस्टाचा शिक्का आणि दोन-चार ओळींच्या निरोपापुरती जागा. आपल्याकडे पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिचं ते जुनं रूप बंद झालं. मधल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या किती घरांच्या चुली त्या कागदावर पेटल्या त्याला हिशेब नाही. कोकणाच्या अर्थकारणाला तर नावच पडलं, मनीऑर्डरवर चालणारं.

पण मनीऑर्डर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोण येतं? गिरणीतला बाप्या! त्याच्यावर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत, पोवाडे आहेत. तो मुंबईत उतरला की त्याला गावकीची खोली असायची. एकेका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने झोपणारे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उलगडायची. जेवायला खानावळवाली बाई असायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून. म्हणजे एकट्या पुरुषाला परगावी राहता यावं म्हणून अख्खी व्यवस्था उभी होती. आणि तिचा मोठा भार बायकांच्याच हातावर होता, गावी शेत सांभाळणाऱ्या आणि मुंबईत भाकऱ्या थापणाऱ्या.

एकट्या बाईला मात्र गावकीची खोली नव्हती. आजही नाही.

आता म्हणाल, बाई एकटी परगावी राहिली याचीही उदाहरणं आहेत की. आहेत. आमच्या लोकलने काही स्टेशनं पुढे गेलं की कल्याण. आनंदीबाई जोशी तिथल्याच. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी एकटी बोटीत बसली, अमेरिकेत फिलाडेल्फियाला राहिली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही ठरली होती. पण त्या थंडीने आणि आजाराने पोखरलेलं शरीर घेऊन परतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. वय एकवीस. नोकरीचा एक दिवसही तिच्या वाट्याला आला नाही.

ती गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १८८७ मध्ये, मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लहानपणी लावून दिलेलं लग्न. रखमाबाई म्हणाल्या तुरुंगात जाते. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मग सुरतेला आणि राजकोटला मिळून तीसेक वर्षं नोकरी केली. पाठ्यपुस्तकात हा खटला येतो. पण ती तीस वर्षं? परक्या गावात संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर ती बाई कोणाशी बोलायची, आजारी पडली तर पेज कोण करून द्यायचं? खटल्याचा इतिहास झाला. संध्याकाळचा होत नाही.

राहायच्या जागा हळूहळू झाल्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं. कर्व्यांचा आश्रम १८९६ चा, पुढे हिंगण्याला गेला. रमाबाई रानड्यांची पुण्यातली सेवासदन १९०९ ची. तिथे बायका राहून शिकल्या, नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या आणि परगावच्या शाळा-दवाखान्यांत गेल्या. सुरुवातीला त्यात विधवा जास्त होत्या. गंमत बघा, घराबाहेर राहून मिळवायची परवानगी आधी मिळाली ती जिचं घर मोडलंय तिला. जिचे आई-बाप धडधाकट आहेत अशा कुमारिकेने पगारासाठी परगावी राहायचं, हे फार नंतरचं. नोकरदार महिलांसाठी वसतिगृहं बांधायला पैसे देण्याची केंद्र सरकारची योजना तर थेट १९७२-७३ मधली.

आत्याची पहिली मनीऑर्डर १९६० ची आहे. तिला वसतिगृह मिळालं होतं ते एका संस्थेचं, दादरला. ती आजोबांची थोरली. मॅट्रिक झाली, कराडात टायपिंग शिकली आणि मुंबईत फोर्टात एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. टाइपरायटरने बायकांना ऑफिसात आणलं हे जगभर झालं. आपल्याकडे तर १९५५ मध्ये गोदरेजने देशी टाइपरायटर काढल्यावर ते यंत्र आणखीच पसरलं. आत्याचं अक्षर मात्र टाइपसारखंच, सरळ आणि कोरडं.

"रु. ४०. तब्येत बरी. पाऊस फार. बाकीच्यांना आशीर्वाद." एकोणीस वर्षांची मुलगी आशीर्वाद देतेय!

"रु. ४५. धाकट्याची फी भरणे. दप्तर घेणे."

"रु. ४०. या महिन्यात ताप होता, पाच दिवस बिनपगारी गेले, म्हणून कमी."

"रु. १२०. यात पुढच्या सोप्याच्या कामाला ७५ जादा आहेत. कौलं मंगलोरी घालावीत."

"रु. ३५०. आक्काच्या लग्नाचे. मला रजा दोनच दिवस आहे."

हे शेवटचं १९६९ चं. आक्का म्हणजे तिची धाकटी बहीण. धाकटीचं लग्न थोरलीच्या पैशाने झालं आणि थोरली दोन दिवसांच्या रजेवर येऊन पाहुण्यांना वाढून परत गेली. घरात लग्नाचा फोटो आहे. आत्या कडेला उभी आहे, हातात पाण्याची कळशी घेऊन.

मग मी आईला फोन केला. आई या घरात नंतर आली, पण सासरच्या गोष्टी तिलाच जास्त माहीत असतात. ती म्हणाली, "अगं, वन्संनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या कंपनीत लिहून घेतलं होतं म्हणे, लग्न झालं की राजीनामा. आणि त्या वर्षी दुष्काळ, तुझे मोठे काका शिकत होते. मामंजी म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. असं बघू बघू करत..."

मला आधी वाटलं की ही एखाद्या कंपनीची तऱ्हा असेल. पण तसं नव्हतं. साठच्या दशकात मुंबईतल्याच एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातला असा नियम कामगार संघटनेने थेट सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९६५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. विवाहित बाई कामाला कमी पडते असं मानायला काही आधार नाही, असा तो निकाल. त्यानंतरही परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागायची. ते १९७९ मध्ये मुथम्मांच्या खटल्याने गेलं. आणि हे आपलंच मागासलेपण असंही नाही. आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की घरी बसवायचा नियम १९७३ पर्यंत होता.

म्हणजे एकीकडे ऑफिस म्हणतंय लग्न केलंस तर पगार बंद. दुसरीकडे घर त्या पगारावर उभं. मग लग्न "राहून गेलं" असं आपण म्हणतो. ते राहून नाही गेलं हो. ते रोज थोडं थोडं पुढे ढकललं गेलं, आणि ढकलणाऱ्या हातांत वाईट कोणीच नव्हतं.

मालतीबाई बेडेकरांनी हे १९३३ मध्येच लिहून ठेवलंय. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' निघालं तेव्हा केवढं वादळ उठलं! मालतीबाई स्वतः हिंगण्याला शिकलेल्या, शिक्षिका म्हणून नोकरी केलेल्या. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट त्यांनी जवळून पाहिली होती. लोकांना राग आला तो बहुतेक त्यातलं खरं ओळखू आल्यामुळेच. १९६० मध्ये, म्हणजे आत्याने पहिली मनीऑर्डर केली त्याच वर्षी, कलकत्त्यात ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' आला. फाळणीत उखडलेल्या कुटुंबाला पोसणारी थोरली मुलगी आणि तिच्या पगारावर मार्गाला लागणारी भावंडं. मी तो कॉलेजात असताना पाहिला होता आणि खूप रडले होते. तेव्हा हे आपल्याच घरातलं आहे हे डोक्यातही आलं नाही.

असो. खरा धक्का पुढेच होता.

१९७१ पासूनच्या कुपनांवरचा शिक्का वेगळा आहे. आधी वाटलं पुसट आहे म्हणून चुकीचं वाचतेय. मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. बदलापूर! आणि त्या पहिल्या कुपनावर बारीक अक्षरात लिहिलंय, "जागा बदलली. हॉस्टेलात वयाची अट झाली. कुळगाव येथे ऑफिसातल्या दोघींबरोबर खोली घेतली आहे. भाडं निम्मं. विहिरीचं पाणी गोड. गाडीला वेळ लागतो पण बायकांच्या डब्यात बसायला मिळते."

आत्या इथे राहत होती. मी रोज ज्या स्टेशनावर सकाळी सातच्या गाडीला धावते, तिथून. तिघी. एक खोली. आणि मला दोन वर्षांत कोणी बोललं नाही! मी बदलापूरला खोली घेतली असं सांगितलं तेव्हा आण्णा म्हणाले होते, "लांब पडेल." एवढंच.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी गाडीत नेहमीची जागा मिळाली नाही, दारापाशी उभी राहिले आणि तिचाच विचार करत होते. हा मार्ग १८५६ चा, कल्याणहून पुढे घाटाकडे जाणारा. इथून मुंबईचं टोक अडुसष्ट किलोमीटर. बायकांचा डबाही जुना. १८९० च्या रेल्वे कायद्यातच होतं की प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवायचा. १९८९ च्या कायद्यातही ते कलम आहे. चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुटली. त्या कलमावर कोणी गाणं लिहिलं नाही, पण आत्याची मनीऑर्डर पोचायला त्याचा हात आहे. त्या एका कप्प्यामुळे तिला परवडणाऱ्या भाड्याच्या गावी राहून फोर्टात वेळेवर पोचता आलं.

आणि डब्यातलं जग तरी काय वेगळं असणार? भाजी निवडणं, हळदीकुंकू, कोणाच्या मुलीचे मार्क, कोणाच्या सासूचं दुखणं. माझ्या ग्रुपमधल्या एका काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या अंबरनाथला चढतात, रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. त्यांनी मटार सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुझी आत्या बिचारी कशी गं? सोळा वर्षं घर चालवलं तिने. बिचारी म्हणायची सोय झाली की ऋण मानायला लागत नाही."

मी कुपनं मोजली. १९६० ते १९७६, मिळून एकशे त्रेचाळीस. काही वाळवीने खाल्लीत. बेरीज आठ हजारांच्या जवळपास जाते. आज ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्यात पुढचा सोपा आहे, मंगलोरी कौलं आहेत, आक्काचं लग्न आहे, मोठ्या काकांचं कॉलेज आहे, आण्णांची शाळा आहे. घराच्या दारावरच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. ते असायलाच हवं, त्यांनी हाडाची काडं केली. पण घर "आजोबांनी बांधलं" हे वाक्य अपुरं आहे, एवढंच मला म्हणायचंय.

आजोबांवर माझा राग नाही. ज्या माणसाने सोळा वर्षं एकेक कुपन जपून तारेत ओवलं, त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत असेल, बोलता येत नसेल. पोचपावती त्याने दिली ती तेवढीच.

बुधवारी रात्री पुन्हा आण्णांना फोन केला. भांडायचं ठरवून केला होता, खरं सांगते. पण भांडले नाही. फक्त एक कुपन वाचून दाखवलं. "एप्रिल १९७४. रु. ८५. यात ३० धाकट्याच्या मॅट्रिकसाठी. त्याला नवा शर्ट शिवावा, जुना दंडाला फाटला आहे."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आण्णा म्हणाले, "पोस्टमन शाळेतच आला होता. निळा शर्ट होता." आणि पुन्हा गप्प. मग म्हणाले, "ती तार दिवाळीला जपून आण. इकडंच असू दे."

सहीचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. शुक्रवारी एजंटला सांगितलं की सह्या आम्ही तिघीच करणार, नसेल चालत तर आम्ही दुसरी खोली बघतो. त्याने मालकांना फोन लावला. शेवटी डिपॉझिट पाच हजारांनी वाढवून मालक तयार झाले. म्हणजे घरच्या पुरुषाच्या सहीचा भाव शिरगावात सध्या पाच हजार आहे. तिघींनी वाटून घेतला.

काल पगार झाला. मीही दर महिन्याला घरी पैसे पाठवते. फोनवर दोन बोटं लावली की गेले. त्या अ‍ॅपमध्येही निरोपासाठी एक छोटी जागा असते. आजवर ती मी कधी भरली नव्हती. काल बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले आणि मग लिहिलं,

"यात ५०० सोप्याच्या रंगाला जादा आहेत. तब्येत बरी. बदलापूरला पाऊस फार."